बाळशास्त्री जांभेकर : विज्ञानाचे प्राध्यापक, मराठीचे संपादक

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस

• बाळशास्त्री जांभेकर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्यांचे अध्यापन, शास्त्रीय ग्रंथलेखन आणि पत्रकारिता यांतील परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• आधुनिक मराठी गद्याच्या घडणीत त्यांच्या लेखनाचा वाटा कोणता, हे विशद करता येईल.
• त्यांच्या कार्याच्या मर्यादांची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अव्वल इंग्रजी काळातील मुद्रणाचा परिचय करून घेतला. या घटकात आपण त्या मुद्रणाचा उपयोग ज्ञानप्रसारासाठी करणाऱ्या एका अल्पायुषी पुरुषाचे चरित्र अभ्यासणार आहोत.

आरंभी आपल्या स्वतःच्या परिस्थितीचा थोडा विचार करावा. आपण माधवनगर, सांगली, कराड किंवा सातारा येथे, दिवसभराचे काम आटोपून, हे पुस्तक उघडले असेल. आपल्यासमोर वर्ग नाही, फळा नाही, रोज भेटणारे प्राध्यापक नाहीत. जे काही शिकायचे ते या छापील पानांतून आणि आपल्या मातृभाषेतून. अशा वेळी कोणाच्याही मनात दोन शंका येऊ शकतात. वर्गाबाहेर, केवळ छापील मजकुरावरून, खरे शिक्षण होते काय? आणि उच्च ज्ञान मराठीतून मिळू शकते काय? या शंका आपल्यापुरत्या नाहीत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी त्या मुंबईत उपस्थित झाल्या होत्या, आणि एका तरुण शिक्षकाने आपले सारे आयुष्य त्यांचे उत्तर देण्यात वेचले. त्याचे नाव बाळशास्त्री जांभेकर.

आपल्या परिसराशी या कथेचा एक धागा जुळतो. माधवनगरच्या जवळच असलेल्या मिरजेत १८०५ मध्ये गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली. तत्पूर्वी नाना फडणवीसांनी पुण्यात या कामाला चालना दिली होती. देवनागरी मुद्रणाच्या इतिहासात या पोथीला मानाचे स्थान आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. मिरजेत जे छापले गेले ते विद्वानांना शतकानुशतके मुखोद्गत होते. छपाईचे तंत्र नवे, मजकूर जुना. जे बहुसंख्य मराठी वाचकांना अद्याप ठाऊकच नाही, असे ज्ञान नियमितपणे छापून त्यांच्या हाती देण्याचा उद्योग पुढे २७ वर्षांनी मुंबईत सुरू झाला. त्या उद्योगाचे नाव ‘दर्पण’.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पोंभुर्ले ते मुंबई

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ मध्ये कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते. संस्कृताचे आरंभीचे अध्ययन बाळशास्त्रींनी घरच्या परंपरेप्रमाणे केले. जुन्या पद्धतीने ते पुढे गेले असते, तर एक व्युत्पन्न शास्त्री म्हणून कोकणात त्यांचा लौकिक झाला असता. परंतु पेशवाईचा अस्त १८१८ मध्ये झाला होता आणि विद्येचे केंद्र बदलत चालले होते. किशोरवयातच बाळशास्त्री मुंबईस आले.

त्या काळच्या मुंबईत सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांच्याकडे शिक्षणविषयक मोठी जबाबदारी होती. शाळांसाठी देशी भाषांत पुस्तके तयार करून घेणारी जी संस्था १८२२ मध्ये स्थापन झाली होती, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. बापू छत्रे तिचे एतद्देशीय चिटणीस होते. त्यांच्या सान्निध्यात बाळशास्त्रींनी इंग्रजी व गणित यांचा अभ्यास केला. त्यांची ग्रहणशक्ती असामान्य होती. मराठी, संस्कृत व इंग्रजी यांखेरीज गुजराती, बंगाली, कानडी, तेलुगू, फार्सी, फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीक या भाषांशीही त्यांनी परिचय करून घेतला होता. १८३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, ते याच सोसायटीचे दुय्यम चिटणीस झाले.

या नेमणुकीचे महत्त्व आपण नीट समजून घेतले पाहिजे. शाळेसाठी पुस्तके तयार करून घेणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. विषय उपलब्ध आहे, शिकणारे उपलब्ध आहेत. परंतु दोघांना जोडणारी भाषा तयार नाही. बखरी, पत्रव्यवहार, कथा-पुराणे यांचे मराठी गद्य समर्थ होते. पण हवेचा दाब, ग्रहांची गती, राज्यकारभाराची तत्त्वे सांगण्याची सवय त्या गद्याला नव्हती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये. म्हणजे भाषेचा कोश नुकताच तयार झाला होता आणि प्रमाण मानले जाणारे व्याकरण अजून व्हायचे होते, अशा संधिकाळात बाळशास्त्रींनी लेखणी हाती घेतली.

४.२.२ ‘दर्पण’ : दोन स्तंभांचे पत्र

शुक्रवार, ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक मुंबईत प्रसिद्ध झाला. संपादक बाळशास्त्री त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते. पत्र आरंभी पाक्षिक होते. त्याच वर्षी ४ मेपासून ते साप्ताहिक झाले. बंगालमध्ये राजा राममोहन रॉय यांचे ‘संवाद कौमुदी’ १८२१ मध्ये आणि मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांचे गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ मध्ये निघाले होते. मराठी वाचकाला मात्र आपल्या भाषेत नियमित वृत्तपत्र ‘दर्पण’नेच दिले. म्हणून बाळशास्त्रींना मराठी पत्रकारितेचे जनक म्हणतात.

या पत्राची रचना लक्षणीय होती. पानावर दोन स्तंभ असत. एकात इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यात मराठी. इंग्रज अधिकाऱ्यांना एतद्देशीयांची स्थिती व मते कळावीत आणि एतद्देशीय तरुणांना पश्चिमेकडील विद्यांची ओळख व्हावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. या रचनेचा भाषेवर जो परिणाम झाला, तो आपण मराठीचे विद्यार्थी म्हणून विशेष ध्यानात घेतला पाहिजे. एकच विषय दोन भाषांत शेजारी शेजारी मांडावयाचा, तर मराठीला पळवाट राहत नाही. इंग्रजी स्तंभात जे वाक्य स्पष्ट आहे ते मराठीत धूसर झाले, तर दोन्ही भाषा जाणणाऱ्या वाचकाला ते तात्काळ दिसते. प्रत्येक अंकात मराठी गद्याची अशी परीक्षा होत होती. कार्यकारणभाव मांडणारी, मत आणि वस्तुस्थिती वेगळी ठेवणारी, युक्तिवाद पायरीपायरीने नेणारी वाक्यरचना या शिस्तीतून रुळत गेली.

‘दर्पण’मध्ये बातम्या होत्या, शिक्षणविषयक चर्चा होती, विधवांच्या पुनर्विवाहासारख्या सामाजिक प्रश्नांचा विचार होता आणि भौतिक शास्त्रांची माहितीही होती. आज वृत्तपत्रात विज्ञानाला स्वतंत्र पुरवणी असते. बाळशास्त्रींच्या दृष्टीने अशी विभागणी नव्हती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे वाचकाला कळणे आणि सरकारने कोणता कायदा केला, हे कळणे, या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच निकडीच्या वाटत. या कामातून अर्थप्राप्ती होण्याजोगी स्थिती नव्हती. छापील मजकूर विकत घेऊन वाचण्याची सवयच अजून लोकांना लागावयाची होती. तरीही ‘दर्पण’ साडेआठ वर्षे चालले आणि १८४० मध्ये बंद झाले.

बाहेरच्या जगातही हाच काळ ज्ञानप्रसाराच्या चळवळीचा होता. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांच्या प्रेरणेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची विज्ञानव्याख्याने १८२५ मध्ये सुरू झाली. ‘पेनी मॅगझिन’ हे सामान्य वाचकांसाठी काढलेले स्वस्त ज्ञानपत्र १८३२ मध्येच, म्हणजे ‘दर्पण’च्याच वर्षी निघाले. परंतु तेथील लेखकापाशी घडलेली शास्त्रीय भाषा होती. बाळशास्त्रींना विषय समजावून द्यावयाचा होता आणि त्याच वेळी भाषाही घडवावयाची होती.

आपली प्रगती तपासा – १
१. ‘दर्पण’च्या द्विभाषिक रचनेमागील हेतू कोणते होते?
२. या रचनेचा मराठी गद्यावर झालेला परिणाम पाच-सहा वाक्यांत लिहा.

४.२.३ वर्ग आणि वेधशाळा

काही काळ बाळशास्त्रींनी अक्कलकोटच्या युवराजाचे शिक्षक म्हणून काम केले. १८३४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्यांची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय. आर्लिबार हे इंग्रज प्राध्यापक तेथे गणित व सृष्टिविज्ञान शिकवीत. बाळशास्त्रींनीही गणित आणि ज्योतिष यांचे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. म्हणजे विद्यापीठ अस्तित्वात येण्यापूर्वी दोन दशके हा मराठी शिक्षक उच्च गणित शिकवीत होता.

ज्योतिष या शब्दाविषयी येथे थोडे थांबावे लागेल. त्या काळी या एकाच शब्दात दोन गोष्टी सामावलेल्या होत्या : ग्रहगणित आणि फलज्योतिष. ग्रहण केव्हा लागेल हे गणिताने सांगणारा आणि ग्रहणाचे फळ काय ते सांगणारा, दोघेही ज्योतिषीच. बाळशास्त्रींचा संबंध पहिल्या अर्थाशी होता. मुंबईत कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली होती. जहाजांना अचूक वेळ मिळावी, हा तिच्या आरंभीच्या उद्देशांपैकी एक. समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कोठे आहोत, हे ठरविण्यासाठी अचूक घड्याळ लागते आणि ते घड्याळ ताऱ्यांच्या वेधांवरून तपासावे लागते. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदीही घेतल्या जाऊ लागल्या. या वेधशाळेचे संचालक म्हणूनही बाळशास्त्रींनी काही काळ काम पाहिले. पंचांगाच्या परंपरेत वाढलेला एक शास्त्री दुर्बिणीने घेतलेल्या वेधांचा हिशेब ठेवू लागला, ही घटना त्या पिढीतील बदलाची निदर्शक आहे. त्यांनी जुने ज्ञान टाकून दिले नाही. आकाशाविषयीचे विधान वेधाने पडताळून पाहता आले पाहिजे, ही नवी अट मात्र त्यांनी मान्य केली.

४.२.४ शास्त्रीय ग्रंथ आणि परिभाषा

महाविद्यालयातील मूठभर विद्यार्थ्यांना शिकवून बाळशास्त्रींचे समाधान झाले नाही. त्यांनी शाळांसाठी पुस्तके लिहिली. व्याकरण, नीतिकथा, भूगोल, ज्योतिष, इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास असे विविध विषय त्यांनी हाताळले. या सर्वांत मराठी भाषेच्या दृष्टीने सर्वांत धाडसी ग्रंथ म्हणजे ‘शून्यलब्धिगणित’. आज ज्या शाखेला आपण कलनशास्त्र म्हणतो, तिचा परिचय मराठी विद्यार्थ्याला करून देण्याचा हा प्रयत्न होता.

या शीर्षकातील शब्दाकडे आपण लक्ष द्यावे. शून्य म्हणजे काहीच नसणे आणि लब्धि म्हणजे प्राप्ती किंवा भागाकारातून मिळालेले फळ. या विचित्र वाटणाऱ्या जोडीचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मिरजेकडे जाणारी आगगाडी माधवनगर स्थानकातून सुटते. पुढच्या स्थानकापर्यंतचे अंतर आणि लागलेला वेळ यांचा भागाकार केला, तर सरासरी वेग मिळतो. पण एखाद्या खांबासमोरून जाताना, नेमक्या त्या क्षणी, गाडीचा वेग किती होता? त्यासाठी आपण खांबाजवळचे लहान अंतर आणि तेवढाच लहान काळ घेतो. मग त्याहून लहान, आणि त्याहूनही लहान. अंतर आणि काळ दोन्ही शून्याच्या दिशेने जात राहतात. तरी त्यांचा भागाकार शून्य होत नाही, तो एका निश्चित संख्येकडे जातो. ती संख्या म्हणजे त्या क्षणीचा वेग. शून्याकडे जाणाऱ्या राशींतून लाभणारे फळ, ही कल्पना शून्यलब्धि या शब्दात सूचित होते. (बाळशास्त्रींनी स्वतः आगगाडी पाहिली नव्हती, मुंबई-ठाणे गाडी त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, १८५३ मध्ये धावली.)

हा शब्द पुढे प्रचारात राहिला नाही. तरीही त्यातून परिभाषा घडविण्याची एक उत्तम पद्धत दिसते. परका शब्द जसाच्या तसा उचलण्यापेक्षा, त्यातील क्रिया समजून घेऊन तिला आपल्या भाषेत नाव देणे, ही ती पद्धत. अशी परिभाषा शिकणाऱ्याला केवळ खूण पुरवीत नाही, विषयात शिरण्याची वाटही दाखविते. तिची अडचणही नमूद केली पाहिजे. संस्कृताचे संस्कार नसलेल्या वाचकाला असे शब्द अवघड वाटू शकतात. मराठी वैज्ञानिक लेखनापुढील हा पेच आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

४.२.५ ‘दिग्दर्शन’ : मासिकातून चालणारी शाळा

‘दर्पण’ बंद झाले त्याच वर्षी, १८४० मध्ये, बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. मराठीतील हे पहिले मासिक होय. याच नावाचे एक बंगाली मासिक श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये काढले होते. मराठी ‘दिग्दर्शन’मध्ये भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन, प्राणी व वनस्पती अशा विषयांवरील लेख येत आणि त्यांना नकाशे व आकृत्यांची जोड असे.

दोन्ही नियतकालिकांची नावे शेजारी ठेवून पाहिली, तर बाळशास्त्रींच्या कार्याची दिशा ध्यानात येते. दर्पण म्हणजे आरसा. त्यात समाजाला आपले आजचे रूप दिसावे. दिग्दर्शन म्हणजे दिशा दाखविणे. त्यातून समाजाला पुढची वाट दिसावी. महाविद्यालयात जे विषय निवडक तरुणांना शिकविले जात, तेच ‘दिग्दर्शन’च्या पानांतून महाविद्यालयाची पायरी कधीही न चढलेल्या वाचकाकडे जात होते. वाचक आपल्या घरी, आपल्या सवडीने, आकृती पाहून शिकत होता. दूरशिक्षण हा शब्द त्या वेळी नव्हता. परंतु आपण आज ज्या पद्धतीने शिकत आहोत, तिचे एक आरंभीचे रूप मराठीत येथे पाहावयास मिळते.

पत्रकारितेचे शिक्षण विद्यापीठांत सुरू होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. बाळशास्त्रींच्या काळी असा अभ्यासक्रम कोठेही नव्हता. तरी त्यांच्या भोवती वृत्तपत्रकार घडले. ‘दर्पण’च्या कामात साहाय्य करणारे गोविंद विठ्ठल कुंटे तथा भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. त्याच ‘प्रभाकर’मधून १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध झाली. शिष्याने गुरूचे अनुकरण न करता त्याच्यापुढे जावे, याचे हे उदाहरण आहे. कारण ‘प्रभाकर’ची सत्तेविषयीची भूमिका ‘दर्पण’हून अधिक परखड होती.

४.२.६ ज्ञानाची कसोटी : श्रीपत शेषाद्री प्रकरण

मित्रहो, आतापर्यंत आपण ज्या कार्याचा परिचय करून घेतला त्यात कष्ट होते, पण सामाजिक धोका फारसा नव्हता. १८४३ च्या सुमारास मात्र बाळशास्त्रींच्या विचारांची खरी परीक्षा झाली.

परळीकर घराण्यातील नारायण आणि श्रीपत हे दोन भाऊ मुंबईत मिशनऱ्यांच्या सहवासात राहत होते. थोरल्या नारायणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकटा श्रीपत अज्ञान होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. आता प्रश्न उभा राहिला तो जातीचा. परधर्मीयांच्या घरी राहून, त्यांच्या पंक्तीला जेवलेल्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे काय? सनातनी मंडळींचे उत्तर स्पष्ट नकाराचे होते. बाळशास्त्रींनी विरुद्ध बाजू घेतली. मूल अजाण आहे, त्याला प्रायश्चित्त देऊन स्वगृही घेता येते आणि शास्त्रात त्यास आधार आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या भूमिकेची त्यांना किंमत मोजावी लागली. सनातन्यांचा रोष त्यांच्यावर ओढवला आणि त्यांच्यावर बहिष्काराचे अस्त्र उगारले गेले. त्या काळी बहिष्कार म्हणजे धार्मिक विधींना पुरोहित न मिळणे, पंक्तीतून वगळले जाणे, मुलाबाळांच्या लग्नकार्यांत अडथळे येणे. कॉलेजातील प्राध्यापकपद या जाचापासून कोणाला वाचवू शकत नव्हते. तरी बाळशास्त्रींनी माघार घेतली नाही.

विज्ञानाच्या प्राध्यापकाने अशा धार्मिक वादात का पडावे, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याचे उत्तर त्यांच्या विचारपद्धतीत आहे. केवळ रूढी म्हणते म्हणून एखादी गोष्ट मान्य करावयाची नाही, आधार कोणता ते तपासावयाचे, ही सवय त्यांना गणिताने आणि वेधांनी लावली होती. तीच सवय त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथांना लावली. विधवाविवाहाच्या प्रश्नातही शास्त्राधार शोधून तो लोकांपुढे यावा, असा त्यांचा प्रयत्न होता. ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांनी जे संशोधन केले त्यामागेही हीच दृष्टी होती : परंपरेने सांगितलेल्या इतिहासापेक्षा दगडावर कोरलेले अक्षर अधिक विश्वसनीय.

४.२.७ अखेरची वर्षे

१८४० मध्ये सरकारने त्यांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ हा बहुमान दिला. १८४५ मध्ये त्यांच्याकडे मुंबई इलाख्यातील शाळांची तपासणी आणि शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापनवर्गाचे संचालन ही कामे आली. याच वर्षी त्यांनी संपादित केलेली शिळाछापाची ज्ञानेश्वरी प्रसिद्ध झाली. मुद्रित रूपात आलेली ही पहिली ज्ञानेश्वरी. गीतेचा अर्थ मराठीत आणणारा तेराव्या शतकातील ग्रंथ, पश्चिमेकडील विद्या मराठीत आणू पाहणाऱ्या संपादकाच्या हातून छापला जावा, हा योग अर्थपूर्ण आहे.

कामाचा व्याप वाढत होता; आयुष्य मात्र संपत आले होते. मे १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, अल्पशा आजाराने मुंबईत त्यांचे निधन झाले.

४.२.८ वारसा आणि मर्यादा

बाळशास्त्रींच्या पश्चात त्यांचे काम खंडित झाले नाही. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या सभेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये सुरू झाले आणि ‘दिग्दर्शन’चा मार्ग पुढे चालू राहिला. बाळशास्त्रींच्या परंपरेत तयार झालेले केरो लक्ष्मण छत्रे कुलाबा वेधशाळेत काम करून पुढे गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी होते. त्याच कॉलेजात टिळकांचे सहाध्यायी असलेले गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. शिक्षकाने वृत्तपत्र काढावे आणि वृत्तपत्राने समाजाला शिकवावे, हा बाळशास्त्रींचा वसा आगरकरांनी ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांतून चालविला. अशा रीतीने पोंभुर्ल्यातून निघालेली वाट मुंबई-पुण्यावरून आपल्या कृष्णाकाठापर्यंत येते.

तथापि चरित्राचा अभ्यास म्हणजे केवळ गौरव नव्हे. बाळशास्त्रींच्या कार्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. ‘दर्पण’ आणि ‘दिग्दर्शन’ वाचू शकणारा वर्ग लहान होता आणि तो प्रामुख्याने शहरी, उच्चवर्णीय पुरुषांचा होता. ज्यांना अक्षरओळखच नाकारली गेली होती, त्यांच्यापर्यंत छापील पान पोहोचणे शक्य नव्हते. शेतकरी, शूद्रातिशूद्र आणि स्त्रिया यांच्यासाठी शाळेचे दार उघडण्याचे काम बाळशास्त्रींच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी हाती घेतले. फुले यांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यातील. शिवाय सामाजिक सुधारणेला शास्त्राचाच आधार शोधण्याची बाळशास्त्रींची रीत पुढील पिढीला अपुरी वाटली. आधार न सापडल्यास अन्याय तसाच चालू द्यावयाचा काय, हा प्रश्न ती रीत अनुत्तरित ठेवते. आगरकरांनी बुद्धीचा आणि फुल्यांनी मानवी समतेचा निकष पुढे केला. या टीकेने बाळशास्त्रींचे मोठेपण उणावत नाही. त्यांच्या कार्याचे इतिहासातील स्थान मात्र नेमके कळते.

४.३ समारोप

बाळशास्त्री जांभेकर यांच्या आयुष्यात प्राध्यापक, विज्ञानलेखक, संपादक आणि संशोधक ही चार कामे एकत्र नांदली. वर्गात गणित शिकविणे, मराठीत ‘शून्यलब्धिगणित’ लिहिणे, ‘दर्पण’चा अंक काढणे आणि अजाण मुलाच्या बाजूने उभे राहणे, या सर्वांमागे एकच धारणा होती. ज्ञान काही थोड्यांच्या हाती राहता कामा नये; ते लोकांच्या भाषेत, तपासता येईल अशा रूपात लोकांपुढे आले पाहिजे.

‘दर्पण’च्या पहिल्या अंकाचा दिवस, ६ जानेवारी, महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बाळशास्त्रींचे स्मरण संपादक म्हणून होते. विज्ञानाचे शिक्षक म्हणून ते क्वचितच होते. आपण दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात. ज्यांच्या नावाने महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, ते यशवंतराव चव्हाण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी जन्मले. महाविद्यालयाच्या भिंतींबाहेरील माणसाला शिकता यावे, ही या विद्यापीठाची भूमिका आहे. ‘दिग्दर्शन’चा अंक उघडून घरी बसलेला १८४० मधील वाचक आणि हे पुस्तक उघडून बसलेले आपण, या दोघांचे नाते त्यामुळे जवळचे आहे. प्रास्ताविकातील दोन शंका आता आपण स्वतः पुन्हा विचारून पाहाव्यात आणि त्यांची उत्तरे आपल्या शब्दांत लिहावीत.

४.४ स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. बाळशास्त्री जांभेकर यांचे अध्यापन आणि पत्रकारिता ही एकाच कार्याची दोन अंगे होत, या विधानाची चर्चा करा.
२. श्रीपत शेषाद्री प्रकरणातील बाळशास्त्रींची भूमिका आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करा.

आ) टिपा लिहा
१. ‘दिग्दर्शन’
२. ‘शून्यलब्धिगणित’ आणि मराठी परिभाषेचा प्रश्न

इ) उपक्रम
आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणचे एखादे यंत्र अथवा नैसर्गिक घटना निवडा. त्या विषयाची माहिती नसलेल्या शेजाऱ्याला समजेल अशा मराठीत तिच्यावर दोनशे शब्दांचा लेख लिहा. लेख त्याला वाचून दाखवा. ज्या शब्दांपाशी तो अडखळेल ते अधोरेखित करा आणि तेवढा भाग पुन्हा लिहा.